चित्राच्या पाठीवरचे नाव

नांदेडला आमच्या घरासमोर एक शीख कुटुंब राहत असे. कित्येक पिढ्यांपूर्वी पंजाबातून गोदावरीकाठी आलेले आणि आमच्यापेक्षाही ठसक्यात मराठवाडी बोलणारे हे लोक स्वतःला दख्खनी शीख म्हणवतात. त्यांच्या बैठकीत, दारातून आत शिरताच नजर जाईल अशा जागी, एका तेजस्वी पुरुषाचे जुने छापील चित्र चौकटीत लावलेले होते. डोक्यावर कलगी, काळीभोर दाढी, मागे प्रभावळ आणि हातावर बसलेला पांढरा बाज. मी सात-आठ वर्षांचा असताना एकदा पाहुण्यांसमोर मोठ्या ऐटीत सांगून टाकले की, हे गुरू गोविंदसिंगजी. नांदेडच्या पोराला बाज दिसला की दुसरे नाव सुचणारच नाही. त्या घरातल्या आजी, ज्यांना सगळी गल्ली दादीजी म्हणत असे, हसल्या आणि म्हणाल्या, ‘बाज बघितलास बाळा, पण कमरेला तलवारी किती आहेत ते मोजलंस का?’ तलवारी दोन होत्या. चित्र दहाव्या गुरूंचे नव्हते, सहाव्या गुरूंचे, गुरू हरगोविंदांचे होते. एक तलवार पीरीची, म्हणजे अध्यात्माची, आणि दुसरी मीरीची, म्हणजे लौकिक सत्तेची, हा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी कळला, पण चित्रातला माणूस ओळखताना पहिल्या खुणेवर थांबू नये, एवढे त्या दिवशी मनात बसले.

पुढे माझे बहुतेक आयुष्य मोडी कागद वाचण्यात गेले. रुमाल, म्हणजे जुन्या कागदांचे गाठोडे, सोडायचा, घड्या उलगडायच्या, मजकूर लावायचा आणि मग कागद उलटा करून पाठीवरचा शेरा पाहायचा, हा रोजचा क्रम होता. पाठीवर लिहिलेले नाव आणि आतला मजकूर यांचा मेळ बसतोच असे नाही, हे या कामात फार लवकर कळते. आतला हात एका कारकुनाचा असतो आणि पाठीवरचा शेरा पन्नास वर्षांनंतर दप्तर लावणाऱ्या दुसऱ्याच कोणाचा. शाई वेगळी, वळण वेगळे आणि कित्येकदा समजूतही वेगळी. निवृत्तीनंतर जुन्या शीख व्यक्तिचित्रांचा नाद लागला तेव्हा माझी नजर सवयीने आधी चित्राच्या पाठीचा शोध घेऊ लागली आणि संग्रहालयात नेमकी तीच बाजू भिंतीकडे असते, याचे वाईट वाटू लागले.

या चित्रांची मूळ अडचण अशी की, ज्यांच्यापासून परंपरा सुरू होते त्या गुरू नानकांचे, त्यांच्या हयातीत काढलेले म्हणून सिद्ध झालेले एकही चित्र आपल्याजवळ नाही. नानकांचा काळ १४६९ ते १५३९. त्यांच्या चरित्रकथांच्या, म्हणजे जन्मसाखींच्या, ज्या सचित्र पोथ्या आपल्याला माहीत आहेत त्यांतली सर्वांत भरवशाची पोथी १७३३ सालची आहे. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असलेली ही पोथी तिथल्या क्रमांकावरून बी-४० या रुक्ष नावाने ओळखली जाते. तिच्यात ५७ चित्रे आहेत आणि ती आलमचंद राज या चित्रकाराने काढली, हे पोथीतच नोंदलेले आहे. साल, चित्रकार आणि विषय या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मिळाव्यात, असे भाग्य या क्षेत्रात क्वचितच लाभते. पण हिशेब केला तर नानकांचे देहावसान आणि ही पोथी यांच्यामध्ये जवळजवळ दोनशे वर्षे गेलेली आहेत. आलमचंदाने नानकांना पाहिलेले नव्हते आणि ज्याने पाहिले अशा माणसाला पाहिलेला माणूसही त्याला भेटला असण्याची शक्यता फारशी नव्हती.

तरीही त्या पोथीत नानक कोणते, हे शोधावे लागत नाही. शेजारी रबाब घेऊन त्यांचा सोबती मर्दाना बसलेला असतो, समोर कथेतले पात्र असते आणि भोवती कथेचा प्रसंग असतो. नानकांची ओळख चेहऱ्यावरून पटण्याआधी ती सोबतीवरून पटते. आपल्याकडे विटेवर उभी, कमरेवर हात ठेवलेली मूर्ती दिसली की नाक-डोळे न पाहताच आपण हात जोडतो, तसेच हे आहे. पुढच्या काळातल्या चित्रांत एका बाजूला रबाब वाजवणारा मर्दाना आणि दुसऱ्या बाजूला मोरचेल ढाळणारा दुसरा सोबती बाला, अशी मांडणी इतकी पक्की झाली की, मधल्या आकृतीचा चेहरा पुसट झाला तरी नाव सांगता यावे. मात्र या मांडणीतून एखादी आकृती सुटी झाली, कोणी चित्र कापून दुसऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवले, तर हातात जपमाळ घेतलेला तोच टोपीधारी वृद्ध कोणताही फकीर होऊ शकतो. अठराव्या शतकातल्या चित्रांत माळा, टोपी आणि दाढी असलेल्या साधूंना तोटा नाही.

मोगल दरबारातून आलेला ‘शबीह’ हा शब्द या संदर्भात मला फार उपयोगी वाटतो. शबीह म्हणजे साम्य, एखाद्या माणसासारखे दिसणारे चित्र. जहांगीराच्या चित्रकारांनी हे साम्य चेहऱ्याच्या बारकाव्यांत शोधले आणि स्वतः बादशहा चित्रांवर नावे लिहीत असे. गुरूंच्या चित्रांत मात्र साम्य कोणाशी असावे, हा प्रश्न सरळ सुटत नाही. गुरू ग्रंथसाहिबात सर्व गुरूंच्या रचनांची नाममुद्रा ‘नानक’ अशीच आहे. कोणत्या गुरूंची रचना, हे ‘महला’ या शब्दापुढच्या आकड्यावरून समजते. त्याच ग्रंथात सत्ता आणि बलवंड या दोन गायकांची वार, म्हणजे स्तुतिकाव्य, आहे आणि तिच्यात नानकांनंतर गादीवर आलेल्या गुरूंविषयी म्हटले आहे की, ज्योत तीच, रीत तीच, फक्त काया पालटली. काया पालटते, एवढ्यापुरतेच चित्रकाराला काम उरते. दहा गुरूंच्या एखाद्या जुन्या संचात चेहरे एकमेकांसारखे दिसले तर आपण चित्रकाराच्या कौशल्यावर शंका घेतो, पण त्या संचाच्या भाविक मालकाला त्या सारखेपणात काही उणे वाटले असेल, असे मला वाटत नाही.

अर्थात संचाचे एक व्यावहारिक कारणही आहे. लघुचित्रांच्या कारखान्यांत ‘चरबा’ वापरत असत. हरणाच्या पातळ, पारदर्शक कातड्यावर आकृतीची बाह्यरेषा उतरवून घ्यायची, तिच्यावर सुईने बारीक छिद्रे पाडायची आणि कोळशाची पूड झटकून तीच आकृती नव्या कागदावर हवी तितक्या वेळा उमटवायची. आपल्याकडच्या रांगोळीच्या छापासारखीच ही युक्ती आहे. वडिलांकडचा चरबा मुलाकडे जाई, मुलाकडून पुतण्याकडे जाई, आणि त्याबरोबर आकृतीही पिढ्यान्‌पिढ्या फिरत राही. मोगल शहजाद्यासाठी केलेली बैठक, उशीला टेकलेला उजवा हात आणि डाव्या हातावर बाज, ही गुरूंसाठी वापरता येई आणि पुढे एखाद्या पहाडी राजासाठीही. त्यामुळे बाज ही गुरू गोविंदसिंगांची खूण आहे, हे खरे असले तरी ती त्यांच्या एकट्याची खूण नाही. गुरू हरगोविंद शिकारीचे शौकीन होते, त्यांच्याही हातावर बाज असतो, आणि मोगल सरदारांच्या हातावर तर तो हमखास असतो.

प्रभावळीचेही तेच. डोक्यामागे सोनेरी वलय दिसले की आपण देवत्व गृहीत धरतो, पण मोगल आणि पहाडी चित्रांत ते राजेपणाचेही चिन्ह होते. रणजितसिंगांच्या कित्येक चित्रांत ते आहे. चवरी, छत्र, लोड, तक्के ही सगळी मानाची चिन्हे आहेत आणि मान गादीला असतो. लहान मुलगा, प्रभावळ आणि समोर हात जोडलेली माणसे असे चित्र असेल, तर पाचव्या वर्षी गादीवर आलेले आणि १६६४ मध्ये दिल्लीत, आठ वर्षे पूर्ण होण्याआधीच देवाघरी गेलेले गुरू हरकृष्ण आठवतात. पण त्यांचे थोरले भाऊ रामराय हेही तरुणपणी औरंगजेबाच्या दरबारात गेले होते, त्यांचा स्वतंत्र पंथ झाला आणि ज्या डेऱ्यावरून डेहराडूनला नाव पडले तो डेरा त्यांचाच. तिथल्या दरबारसाहिबच्या भिंतींवर आजही जुनी चित्रे आहेत. ज्या घराण्याला चित्रांची हौस होती त्या घराण्यातल्या मोगल वेषातल्या कोवळ्या तरुणाला पाहून घाईने गुरूंचे नाव देणे धोक्याचे आहे.

कोण आहे हे सांगण्यापेक्षा कोण नाही हे सांगणे पुष्कळदा सोपे असते आणि दप्तरातल्या सवयीमुळे मला हीच वाट जवळची वाटते. समोर हुक्का ठेवलेला असेल, तर खालसा शिखाचा विचार सोडून द्यावा, कारण तंबाखू त्यांना वर्ज्य आहे. उशीला टेकून हुक्क्याची नळी हातात धरलेला गृहस्थ बहुधा पहाडी राजा निघतो, मग त्याच्या पाठीवर कोणी काहीही लिहिलेले असो. जामा कोणत्या काखेखाली बांधला आहे तेही पाहावे. मोगल काळात साधारणपणे मुसलमान तो उजव्या बाजूला आणि हिंदू डाव्या बाजूला बांधत आणि चित्रकार हा भेद कटाक्षाने पाळत. मात्र इथेही चरबा आडवा येतो. तो उलटा ठेवून छाप घेतला की आकृतीचे तोंड दुसरीकडे वळते आणि जाम्याचे बंदही बाजू बदलतात. दक्ष कारागीर रंग भरताना ते दुरुस्त करी, आणि कामाच्या घाईत असलेला तसेच राहू देई.

आता पाठीकडे वळू. जुन्या शीख चित्रांवर नावे आढळतात ती गुरुमुखीत, फारसीत, पहाडी भागातून आली असतील तर टाकरीत, क्वचित देवनागरीत आणि इंग्रजांच्या हाताखालून गेली असतील तर रोमनमध्ये. एकाच चित्रावर तीन लिप्यांत तीन नावे असली की मला फार आनंद होतो, कारण तिथे भांडण लागण्याची शक्यता असते. गुरूंच्या चित्रांवर पुष्कळदा नावही नसते, ‘पातशाही’ आणि पुढे कितवे गुरू ते सांगणारा आकडा एवढेच असते. फारसीत घाईने लिहिताना नुक्ते गळतात. टाकरीत स्वरचिन्हांची हेळसांड होते, आणि मोडी वाचणाऱ्या माणसाला या दुखण्याची ओळख करून द्यावी लागत नाही. वाचन बिनचूक झाले तरी माणूस हाती लागेलच असे नाही. अठराव्या शतकात जस्सासिंग नावाचे दोन मोठे सरदार एकाच वेळी पंजाबात वावरत होते, एक अहलुवालिया आणि दुसरे रामगढिया. त्यांच्यात काही काळ वैरही होते. चित्रावर नुसते ‘सरदार जस्सासिंग’ असेल तर लिहिणाऱ्याने आपल्याला अर्ध्या वाटेवर सोडलेले असते.

पण वाचता आलेल्या नावापेक्षाही त्याच्या मागेपुढे लिहिलेल्या पदवीतून अधिक कळते, असा माझा अनुभव आहे. रणजितसिंगांचे पुत्र शेरसिंग जानेवारी १८४१ मध्ये गादीवर आले. चित्राच्या पाठीवर त्यांचा उल्लेख ‘कुंवर’ असा असेल तर तो लेख बहुधा त्याआधीचा, आणि ‘महाराजा’ असेल तर नक्कीच नंतरचा. मात्र त्यामुळे लेखाचा काळ ठरतो, चित्राचा नव्हे. तरुण कुंवराचे चित्र असेल आणि पाठीवर महाराजा लिहिलेले असेल, तर नाव लिहिणाऱ्याने ते आठवणीने लिहिले, ऐकून लिहिले की अंदाजाने लिहिले, असा नवा प्रश्न उभा राहतो. अंदाजाचे कारण कित्येकदा पैसा असते. अनोळखी सरदाराच्या चित्रापेक्षा महाराजांच्या चित्राला किंमत जास्त येते, आणि विकणाऱ्याचा हात लेखणीपर्यंत पोहोचायला फार वेळ लागत नाही.

या बाबतीत आपण मराठी माणसांनी पंजाब्यांना हसण्याचे कारण नाही. शिवाजी महाराजांचे म्हणून एक चित्र आपल्याकडे वर्षानुवर्षे पुस्तकांतून छापले जात होते. ते इब्राहीमखान नावाच्या एका सरदाराचे असल्याचे इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी दाखवून दिले आणि डच साधनांतून मिळालेले महाराजांचे चित्र १९३०च्या दशकात लोकांपुढे आणले. तोवर ज्या चेहऱ्याला लोकांनी मनोभावे हार घातले तो भलत्याचाच होता. बेंद्र्यांनी जे केले त्यात चित्रकलेचा भाग थोडा होता. कागद कुठून आला, कोणाच्या संग्रहातून गेला आणि नाव पहिल्यांदा कोणी जोडले, हा माग काढण्याचे ते काम होते.

शीख चित्रांचा असा माग काढताना फाळणी मध्ये येते. लाहोरच्या संग्रहालयातला ऐवज एप्रिल १९४८ मध्ये साठास चाळीस या प्रमाणात वाटण्यात आला. साठ भाग पाकिस्तानात राहिले आणि चाळीस भाग भारतात आले, ज्यांतला मोठा वाटा शेवटी चंडीगडच्या शासकीय संग्रहालयात विसावला. मी तिथे गेलो होतो तेव्हा पहाडी आणि शीख चित्रांच्या दालनात दोन दिवस काढले. घरातली भांडी वाटावीत तशी चित्रे वाटली गेली असतील, तर एका संचातले दुसरे चित्र सीमेपलीकडे असणार, आणि ज्याच्याशी ताडून पाहायचे तेच समोर नसणार, हा विचार त्या थंडगार दालनात सारखा मनात येत होता. चित्रकारांची नावे आणि घराणी शोधण्याच्या बाबतीत कलेचे इतिहासकार बी. एन. गोस्वामी यांनी मात्र एक भन्नाट वाट काढली. त्यांनी हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या चाळल्या. तीर्थाला आलेला प्रत्येक यजमान तिथे आपले कूळ नोंदवतो, तसे पहाडी चित्रकारही नोंदवून गेले होते, आणि त्या नोंदींवरून गुलेरच्या नैनसुख या चित्रकाराचा सगळा वंशवृक्ष उभा राहिला. याच घराण्यातल्या आणि कांगड्याच्या पुरखूसारख्या इतर चित्रकारांनी पुढे शीख सरदारांसाठी काम केले. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरी आणि नाशिकला तसल्याच वह्या आहेत आणि आपण त्या फक्त पणजोबांचे नाव पाहायला उघडतो.

रणजितसिंगांपाशी आलो की हवा बदलते, कारण इथे प्रथमच चित्राशी ताडून पाहता येतील असे डोळ्यांनी पाहिलेल्यांचे लेख मिळतात. त्यांचा जन्म १७८० चा. लहानपणीच देवीच्या आजारात डावा डोळा गेला आणि चेहऱ्यावर व्रण राहिले. अनेक चित्रकारांनी त्यांना एका बाजूने दाखवून अंध डोळा पलीकडे लपवला आहे. काहींनी मात्र तो मिटलेला आहे तसाच काढला. एवढी ढळढळीत खूण असताना ओळख चुकण्याचे कारण नाही, असे वाटते. पण शिळाछापावर रेखाटन सरळ उतरवले की छापताना बाजू उलटते, आणि ज्याच्या प्रतीवरून दुसऱ्याने प्रत केली त्याला कोणता डोळा गेला होता हे माहीत असतेच असे नाही. त्यामुळे मी डोळ्याइतकाच विश्वास बसण्याच्या ढबीवर ठेवतो. गव्हर्नर जनरल ऑकलंडची बहीण एमिली ईडन १८३८ च्या अखेरीस लाहोर दरबारात आली होती. तिने लिहून ठेवले आहे की, महाराज बोलता बोलता एक पाय खुर्चीवर दुमडून घेत आणि त्या पायातला मोजा काढून टाकत. तिने काढलेल्या त्यांच्या चित्रात हा दुमडलेला पाय आहे. साधा पांढरा पोशाख, भोवती दागिन्यांनी मढलेले दरबारी आणि मधोमध ऐटीची जराही पर्वा न करता बसलेला ठेंगणा माणूस असे चित्र दिसले की, पाठीवर काही लिहिलेले नसले तरी मला शंका उरत नाही. चरब्यावरून अशी ढब उतरत नाही. ती कोणीतरी पाहिलेली असावी लागते.

दागिने मात्र फसवतात. कोहिनूर १८१३ मध्ये अफगाणिस्तानच्या पदच्युत शाह शुजाकडून रणजितसिंगांकडे आला आणि त्यांनी तो बाजूबंदात बसवला. मध्ये कोहिनूर आणि दोन्ही बाजूंना एकेक लहान हिरा. दंडावर तीन मोठे खडे दिसले की चित्र १८१३ नंतरचे आणि माणूस लाहोरच्या गादीवरचा, इथपर्यंत ठीक आहे. पण हाच बाजूबंद त्यांच्यानंतर शेरसिंगांच्या दंडावर दिसतो आणि १८४३ मध्ये पाचव्या वर्षी गादीवर बसवलेल्या दलीपसिंगांच्याही. हिरा गादीबरोबर जात होता. दागिन्यांनी लदलेला देखणा मुलगा म्हणजे दलीपसिंग, असे म्हणावे तर महाराजांच्या मर्जीतला, वजीर ध्यानसिंगाचा मुलगा हिरासिंग आठवतो, ज्याचे चित्र ईडननेही काढले आहे. एका बाबतीत मात्र साधेपणाच उपयोगी पडतो. फकीर अझिझुद्दीन हे महाराजांचे परराष्ट्र व्यवहार पाहणारे मंत्री होते आणि दरबारात कितीही झगमगाट असला तरी ते फकिराच्या साध्या वेषात वावरत. भरजरी गर्दीत एकच साधा माणूस दिसला की आधी त्यांचे नाव मनात यावे.

लाहोर दरबाराचे सर्वांत प्रसिद्ध चित्र आहे ऑगस्ट शोफ्ट या हंगेरियन चित्रकाराचे. आज ते लाहोरच्या किल्ल्यात, दलीपसिंगांच्या कन्या राजकुमारी बांबा यांच्या संग्रहात आहे. प्रचंड कॅनव्हास, डझनावारी दरबारी, प्रत्येक चेहरा वेगळा. पाहणाऱ्याला वाटते की चित्रकार दरबारात कोपऱ्यात उभा राहून हे सगळे टिपत होता. पण शोफ्ट लाहोरला पोहोचला १८४१ मध्ये. रणजितसिंग जून १८३९ मध्ये वारले होते. त्यांचे पुत्र खडकसिंग आणि नातू नौनिहालसिंग, दोघेही नोव्हेंबर १८४० मध्ये गेले होते. म्हणजे चित्रात जिवंत माणसांच्या शेजारी गेलेली माणसे बसलेली आहेत आणि हा दरबार त्या रूपात कधीच भरलेला नाही. चित्र १८५५ मध्ये व्हिएन्नात मांडले गेले तोवर शेरसिंग आणि ध्यानसिंग एकाच दिवशी मारले जाऊन बारा वर्षे लोटली होती आणि शीख राज्यही संपले होते. तरीही मला हे चित्र खोटे म्हणवत नाही. ज्यांच्या आठवणी ताज्या होत्या अशा दरबाऱ्यांना त्याने विचारले असेल, आधीची चित्रे पाहिली असतील. त्यातल्या शेरसिंगांच्या चेहऱ्यावर मी जितका विश्वास ठेवीन तितका रणजितसिंगांच्या चेहऱ्यावर ठेवणार नाही, एवढाच फरक. एकाच कॅनव्हासवरच्या प्रत्येक चेहऱ्याला वेगळा भरवसा द्यावा लागतो, हे शोफ्टमुळे मला नीट समजले.

दोन शीख युद्धांनंतर, म्हणजे १८४९ नंतर, इंग्रज गिऱ्हाइकांसाठी दिल्लीत हस्तिदंताच्या लहान लंबगोल चकत्यांवर शीख राजे, सरदार आणि राण्या रंगवून विकल्या जाऊ लागल्या. या संचांनी जेवढा गोंधळ घातला तेवढा कोणीच घातला नसेल. त्यांत दलीपसिंगांची आई राणी जिंदन म्हणून जी दिसते तीच दुसऱ्या संचात नूरजहान असते, नुसता नथीचा आणि पदराचा फरक. पडद्यातल्या स्त्रीला चित्रकाराने पाहिलेले नसे, त्यामुळे तिच्या नावाखाली त्याने सौंदर्याचा एक ठरलेला साचा विकला. जिंदनचा खरा चेहरा दिसतो तो १८६३ मध्ये लंडनला जॉर्ज रिचमंड याने काढलेल्या चित्रात, तिच्या मृत्यूच्याच वर्षी, जेव्हा राज्य, मुलगा, दृष्टी आणि देश यांतले बरेच काही गमावून झालेले होते.

दलीपसिंगांच्या बाबतीत तर चेहरा ताडून पाहायला छायाचित्रही आहे. जॉन मॅककॉश या कंपनी सरकारच्या लष्करी डॉक्टरने १८४८ च्या सुमारास लाहोरला काढलेल्या त्यांच्या छायाचित्रात दहा वर्षांचा, काहीसा बावरलेला मुलगा आहे. सहा वर्षांनी विंटरहाल्टरने व्हिक्टोरिया राणीसाठी त्यांचे पूर्णाकृती तैलचित्र काढले. त्यात ते उंच, डौलदार, गळ्यात राणीचेच लहान चित्र घातलेले असे उभे आहेत. त्यांची उंची त्याने प्रत्यक्षाहून जास्त दाखवली. दोन्ही चित्रांखालचे नाव बिनचूक आहे, पण शबीह म्हणायची ती मी पहिल्यालाच म्हणेन.

आणि तरी जुनी चित्रे ओळखताना आपण सर्वांत जास्त वापरतो ती या सगळ्यांहून नवी गोष्ट. १९६९ मध्ये गुरू नानकांच्या पाचशेव्या जयंतीला कांगडा खोऱ्यातल्या अंद्रेट्याला राहणाऱ्या सोभासिंग यांनी नानकांचे एक चित्र काढले. अर्धोन्मीलित डोळे, पांढरी दाढी, आशीर्वाद देणारा हात. ते घराघरांत, दुकानांत, ट्रकांच्या काचांवर गेले. आता १७३३ सालचे आलमचंदाचे नानक पाहिले की लोक म्हणतात, हे नानकांसारखे दिसत नाहीत. मीही पहिल्यांदा तेच म्हटले होते. जे चित्र जवळजवळ अडीचशे वर्षांनी जुने त्याने नव्या चित्रासारखे दिसावे, अशी आपली अपेक्षा असते आणि ती अपेक्षा आपल्याला खटकत नाही. नांदेडला गुरुद्वाऱ्याबाहेरच्या दुकानांत मांडलेली गुरूंची चित्रे पाहताना मला आता नेहमी वाटते की, ज्या सचखंडाची इमारत रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवली, आणि जिथे गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये देह ठेवला, त्या गावात तरी त्यांचा चेहरा कोणीतरी आठवणीत धरून ठेवला असेल आणि तो तोंडी वर्णनातून दोन-तीन पिढ्या फिरलाही असेल. पण तोंडी वर्णनाला पाठ नसते, जिच्यावर काही लिहिलेले सापडावे.

संग्रहालयांतून ‘एक शीख सरदार’ एवढीच पाटी असलेली चित्रे दिसतात. पूर्वी मी त्यांच्यापुढून लवकर सरकत असे. आता तिथेच जास्त वेळ थांबतो, कारण ती पाटी लिहिणाऱ्याने हुक्का पाहिला असणार, बंद मोजले असणार, पाठ वाचली असणार आणि मग हात आवरला असणार.

दोन वर्षांपूर्वी नांदेडला गेलो तेव्हा दादीजी राहिल्या नव्हत्या. त्यांच्या नातवाने बैठकीतले ते चित्र खाली काढले होते. चौकटीला वाळवी लागली होती आणि नवी करायची होती. ‘काका, तुम्हाला असलं आवडतं ना, बघा,’ म्हणत त्याने मागचा पुठ्ठा सोडवला. मी सवयीने आधी पाठ पाहिली. तिथे शिसपेन्सिलीने फक्त चौकटवाल्याची मापे लिहिलेली होती. मग पालथे चित्र सरळ केले. आजवर लाकडी पट्टीखाली दडलेला खालचा काठ पहिल्यांदाच उघडा पडला होता आणि त्यावर गुरुमुखीत छापील नाव होते. वाळवीने शेवटची अक्षरे खाल्ली होती. उरले होते ते एवढेच: ‘श्री गुरू हर’. सहावे गुरू हरगोविंद, सातवे हरराय, आठवे हरकृष्ण. नातू माझ्याकडे पाहत राहिला. हरकृष्ण नाहीत, दाढी आहे, मी म्हणालो. आणि मग दोघेही एकदमच वाकून कमरेकडच्या तलवारी मोजू लागलो, कारण इतक्या वर्षांनंतर दुसरी तलवार खरोखर तलवार आहे की पटक्याचे लोंबते टोक, हे त्या उडालेल्या रंगात मला नीट दिसेना. नातवाने चौकटवाल्याला फोन करून सांगितले की, खालची पट्टी बोटभर खाली घ्या, अक्षरे झाकू नका.